सरोवर क्लबाचं आरमार

"ह्या साली खातं कायमचं ग्वाल्हेरला गेलं तर सांगून ठेवते, मी येणार नाही आणि तुम्हालाही जाऊ देणार नाही," भानुमतीबाई म्हणाल्या आणि पोह्यांवर त्यांनी शेव अशी काही भिरकावली की निम्मी बशीत पडली आणि निम्मी लक्ष्मीकांतरावांच्या मांडीवर.

लक्ष्मीकांतराव पानसे मांडीवरची शेव वेचून खाऊ लागले. उत्तर द्यायचं नसलं की ते असंच काहीतरी वेचू लागत.

"ऐकून राहिलात ना?"

"ऐकून राहिलो आहे ना."

"मग आज साहेबाला खूश करून टाका. कसं करायचं ते तुम्ही बघा."

संस्थानं गेल्यानंतरच्या त्या वर्षांत मध्यभारत राज्याला राजधान्या दोन होत्या. थंडीत सरकार ग्वाल्हेरला असायचं आणि उन्हाळा लागला की इंदूरला यायचं. शिंद्यांच्या मुलखाला वाईट वाटू नये आणि होळकरांच्या मुलखालाही वाटू नये म्हणून ही तोड काढलेली होती. वाईट वाटून घ्यायचं काम तेवढं कारकुनांकडे सोपवलं होतं. फायली, टाइपरायटर, साहेब, साहेबांच्या बायका आणि बायकांच्या लोणच्याच्या बरण्या असा सगळा लवाजमा दरसाल गाडीत चढायचा आणि उतरायचा. लक्ष्मीकांतराव दिवाळीनंतर वळकटी बांधून एकटेच ग्वाल्हेरला जात आणि होळी झाली की नाक पुसत परत येत. भानुमतीबाई एकदाच तिकडे गेल्या होत्या. "भाजी कडू, पाणी जड, आणि जो तो स्वतःला 'हम' म्हणून राहिला आहे," असा निकाल देऊन त्या छत्रीबागेतल्या आपल्या घरी परतल्या, त्या पुन्हा गेल्या नाहीत.

यंदा मात्र काही खाती एकाच गावी कायमची ठेवायची असं घाटत होतं. लक्ष्मीकांतरावांचं खातं कुठं ठेवायचं हे खात्याचे मोठे साहेब नानासाहेब ढमढेरे ठरवणार होते. (खात्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. ते पुढे दुसऱ्या खात्यात विलीन झालं, आणि ते दुसरं तिसऱ्यात.) नानासाहेब पक्के ग्वाल्हेरचे. इंदूरचे पोहे खाताना ते ग्वाल्हेरच्या पोह्यांची आठवण काढत, इंदूरच्या उन्हात उभे राहून ग्वाल्हेरच्या उन्हाचं कौतुक करत. एके दिवशी कचेरीच्या खिडकीतून बाहेरची धूळ पाहत ते म्हणाले होते, "पानसे, तुमच्या इंदूरला सगळं आहे, पण पाणी नाही."

लक्ष्मीकांतरावांना हे लागलं. "आहे ना साहेब. भंवरकुआंच्या पुढं केवढा तलाव आहे. त्यावर आमचा सरोवर क्लब आहे. शिडाच्या होड्या आहेत, उन्हाळी वर्ग चालतात."

"शिडाच्या?" नानासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. "अहो, आमच्या ग्वाल्हेरला शीड म्हणजे आमच्या हातचा मळ. तुम्हाला येतं का काही?"

"येतं म्हणजे काय साहेब! सेक्रेटरी आहे मी."

सेक्रेटरी ते होतेच, त्यात खोटं काही नव्हतं. पण सरोवर क्लबाचा सेक्रेटरी म्हणजे चहा, सतरंज्या, माठ आणि पाहुण्यांसाठी फुलांचे हार. पाण्याशी त्यांचा संबंध माठापुरताच. होडीत त्यांनी आजवर पाऊल ठेवलं नव्हतं, कारण अंघोळीला घंगाळात पाणी जास्त झालं तरी ते निम्मं आधी तांब्यानं बाहेर काढत. संस्थानी काळात कुणा हौशी सरदारानं मागवलेल्या होड्या होत्या, संस्थान गेल्यावर त्या बेवारशी पडल्या, आणि काही भल्या माणसांनी त्यांच्याभोवती क्लब काढला, इतकीच त्यांना होड्यांची माहिती.

"मग रविवारी येतोच," नानासाहेब म्हणाले. "आपण दोघं एका होडीतून जाऊ. दाखवू लोकांना."

आणि आज तो रविवार होता.

तलावाच्या पाळेवर, म्हणजे बांधावर, मांडव घातला होता. बँडवाले आले होते. क्लबाचे अध्यक्ष अप्पासाहेब हातात पत्र्याचा भोंगा घेऊन उभे होते. पूर्वी दरबारात ललकारी देणाऱ्यांवर ते अंमलदार होते. दरबार संपल्यापासून त्यांचा आवाज घरातल्या माणसांना पुरून उरत होता, म्हणून घरच्यांनीच त्यांना क्लबात घातलं होतं. "सज्जनहो," ते गरजले, "या तलावात माझ्या आजोबांच्या डोळ्यांदेखत हत्ती बुडाला होता! माहुतासकट! तेव्हा शिस्त पाळा!"

शिस्तीचं खातं जयसिंगरावांकडे होतं. जयसिंगराव जुन्या घोडदळातले. घोडदळ मोडल्यावर त्यांना शिकवण्याजोगं काहीच उरलं नाही म्हणून ते शीड शिकवत. पुस्तक वाचून आणि पडून-धडपडून त्यांना होडी पाण्यात घालता येऊ लागली होती, पण त्यांचा सगळा जीव रांगेत. उन्हाळी वर्गाची मंडळी उरलेल्या होड्यांत बसली तेव्हा त्यांनी सगळ्यांना एकच धडा दिला: "पुढच्याच्या मागं जायचं. सेक्रेटरीसाहेब करतील तसं करायचं. रांग मोडली तर उतरवून टाकीन."

"कुठं उतरवणार?" कुणीतरी विचारलं.

"पाण्यात," जयसिंगराव म्हणाले, आणि पुढं कुणी काही विचारलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या होडीत बायका होत्या: नानासाहेबांच्या पत्नी आनंदीबाई, आणि त्यांची सोबत म्हणून भानुमतीबाई. आनंदीबाई देहानं भरभक्कम आणि स्वभावानं त्याहून. भानुमतीबाई बसताना लक्ष्मीकांतरावांच्या कानात पुटपुटल्या, "साहेबाची बायको आहे म्हणून हिच्याशी गोड बोलते, नाहीतर ह्या ग्वाल्हेरच्या बाईशेजारी मी बसले नसते. तुम्ही साहेबाचं बघा."

पहिल्या होडीत नानासाहेब चढले. लक्ष्मीकांतराव डोळे मिटून चढले.

"घ्या पानसे, सुकाणू घ्या," नानासाहेब म्हणाले.

"छे छे, साहेब. आपण असताना मी?"

"अहो, मी पाहुणा. पाहुण्यानं पाट स्वतः ओढून घेऊ नये."

"पण साहेब, ग्वाल्हेरची पद्धत आम्हाला बघायची होती."

"आधी इंदूरची बघू द्या."

हा आग्रह इतका चालला की दोघंही होडीच्या मधोमध, सुकाणूपासून सारख्याच अंतरावर बसून राहिले. पाळेवर लोकांना वाटलं, काय अदब आहे! जयसिंगरावांना मात्र थांबलेलं काही आवडत नसे. त्यांनी होडीचं शीड वर चढवून दिलं, दोर नानासाहेबांच्या हातात दिला आणि घोड्याच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी होडीला एक थाप मारून ती ढकलली.

वैशाखातला वारा. तो पाळेकडून सुटला होता आणि तलावाच्या पलीकडच्या टोकाकडे निघाला होता. त्यानं शीड असं भरलं की होडी एकदम उसळून निघाली. पाळेवर टाळ्यांचा कडकडाट झाला. बँडनं सलामी दिली. नानासाहेबांनी दोर दोन्ही हातांनी लगामासारखा धरला होता, लक्ष्मीकांतरावांनी नानासाहेबांना धरलं होतं, आणि सुकाणू मोकळं होतं.

"वा, पानसे!" थोड्या वेळानं नानासाहेब म्हणाले. "छान चाललीय."

"आपली कृपा."

"आता वळवा."

"वळवा ना साहेब."

"मी तुम्हाला म्हणतोय, वळवा."

"मीपण तेच म्हणून राहिलो आहे, साहेब."

नानासाहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. पाळ आता बोटाएवढी दिसत होती. मांडव रुमालाएवढा. दोघांच्याही चेहऱ्यावर हळूहळू एकच भाव उतरला, जसा एकाच घरातल्या दोन आरशांत उतरावा.

"पानसे," नानासाहेब अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला शीड येतं ना?"

"मी चहाची व्यवस्था बघतो, साहेब."

नानासाहेबांनी दोर आणखी घट्ट धरला.

"आणि साहेब, आपल्या ग्वाल्हेरला…"

"ग्वाल्हेरला मी तलावाच्या काठी बसतो," नानासाहेब म्हणाले. "डॉक्टरनं हवा खायला सांगितलीय म्हणून. काठावरून सगळं सोपं वाटतं हो!"

इतकं बोलणं होईतो होडी पलीकडच्या टोकापाशी आली. पाळेच्या बाजूला तलाव खोल, पण हे टोक उथळ. उन्हाळ्यात तिथलं पाणी आटून आटून मागं सरत जाई आणि उघड्या पडलेल्या जमिनीत लोक टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावत. होडीच्या बुडाखालची फळी गाळात घुसली, होडीनं एक गचका खाल्ला, नानासाहेब लक्ष्मीकांतरावांच्या अंगावर आले, आणि सगळं थांबलं. चहूकडे मातकट, गढूळ पाणी. आसपास काही म्हशी पाण्यात मानेपर्यंत बुडून संथपणे रवंथ करत होत्या.

"हत्ती बुडाला तो इथंच का?" नानासाहेबांनी विचारलं.

"असेल, साहेब."

"या म्हशी कशा बुडत नाहीत?"

"म्हशी पोहतात, साहेब."

नानासाहेबांनी म्हशींकडे निरखून पाहिलं. "इतका वेळ एकाच जागी पोहतात?"

"इंदूरच्या म्हशी आहेत," लक्ष्मीकांतराव म्हणाले. तशाही अवस्थेत गावाचा मान त्यांच्यानं सोडवेना.

मग दोघांनी मदतीसाठी ओरडायला सुरुवात केली. "अहो! बचाओ! अप्पासाहेब!" पण वारा पाळेकडून येत होता. पाळेवरचं अक्षर न् अक्षर यांना ऐकू येई, यांची हाक मात्र वाऱ्याबरोबर मागच्या मागं टरबुजांच्या वाडीत जाई. शेवटी नानासाहेबांनी डोक्यावरचा फेटा सोडला आणि लक्ष्मीकांतरावांनी तो उभं राहून जोरजोरानं हलवला.

लांबून भोंग्याचा आवाज आला. "सज्जनहो! नानासाहेब तलावाच्या मध्यावरून आपल्याला मानवंदना देत आहेत! सर्वांनी उभं राहावं!"

पाळेवरची सगळी माणसं उभी राहिली. कुणी टोप्या हलवल्या, कुणी रुमाल, कुणी कडेवरची पोरं. बँडवाल्यांनी पुन्हा सलामी दिली.

"हे लोक काय मूर्ख आहेत काय?" नानासाहेब ओरडले.

"होडी जागच्या जागी उभी करणं," भोंगा सांगत होता, "हे शीड चालवण्यातलं सगळ्यात अवघड काम! बघा, जराही हलत नाही! आता कचोऱ्या गरम आहेत तोवर सर्वांनी घ्याव्यात. शिकंजीही आहे!"

"शिकंजीत बर्फ घातला असेल का हो?" नानासाहेबांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत विचारलं.

"मीच सांगून ठेवलं होतं, साहेब."

"फार चांगली व्यवस्था ठेवता तुम्ही," नानासाहेब म्हणाले.

तेवढ्यात पाळेकडून दुसरं शीड निघालेलं दिसलं. मग तिसरं. उन्हाळी वर्ग निघाला होता. लक्ष्मीकांतरावांना आधी हायसं वाटलं. मग त्यांना जयसिंगरावांचा धडा आठवला. त्यांनी फेटा उलटीकडे हलवला. "मागं जा! मागं जा!"

"या, या म्हणून राहिलेत!" पुढच्या होडीतला माणूस मागच्यांना ओरडला. "चलो!"

वर्गाची पहिली होडी सरळ त्यांच्या शेजारी येऊन रुतली. त्यातल्या मंडळींनी लक्ष्मीकांतरावांकडे पाहिलं, ते उभे आहेत असं पाहून तीही उभी राहिली, आणि फेटा नव्हता म्हणून एकानं सदरा काढून हलवायला सुरुवात केली. मागोमाग दुसरी रुतली. तिच्या मागोमाग तिसरी. पाळेवर भोंग्याला आवाज पुरेनासा झाला: "एका रांगेत! सज्जनहो, एका रांगेत! असं दृश्य मुंबईच्या समुद्रावरही दिसायचं नाही!"

सगळ्यात शेवटी जयसिंगरावांची होडी आली. तिनं पुढच्या होडीला धडक दिली आणि तीही बसली. जयसिंगराव उठून ताठ उभे राहिले. त्यांनी रांगेवरून एक नजर टाकली आणि त्यांचा ऊर भरून आला.

"साहेब," त्यांनी मोठ्यानं कळवलं, "एकही होडी रांगेबाहेर नाही!"

"शाबास," नानासाहेब दातओठ खात म्हणाले. "आता परत कसं जायचं?"

जयसिंगरावांनी विचार केला. "घोडं असतं तर वळवलं असतं," ते म्हणाले, आणि खाली बसले.

ऊन डोक्यावर आलं. वारा काही पडेना, त्यामुळे शिडं फडफडत राहिली आणि पाळेवरून पाहणाऱ्याला सगळा ताफा फार सुंदर दिसत राहिला. तिकडे ताटं मांडल्याचे आवाज येऊ लागले. होड्यांतली मंडळी आधी हसली, मग खोकली, मग गप्प झाली. फक्त शेवटच्या होडीतून बायकांचं बोलणं अखंड ऐकू येत होतं. जयसिंगराव दोघींच्या मधे पुतळ्यासारखे बसले होते आणि बोलणं त्यांच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होतं.

आणि तेव्हा ते घडलं. लक्ष्मीकांतरावांच्या अगदी नाकासमोर मानेपर्यंत पाण्यात 'पोहत' असलेल्या म्हशीला कंटाळा आला. तिनं फुर्र करून नाक झाडलं आणि ती उठून उभी राहिली.

पाणी तिच्या गुडघ्यांखाली होतं.

लक्ष्मीकांतरावांनी पाहिलं. नानासाहेबांनी पाहिलं. होड्या-होड्यांतून सगळ्यांनी पाहिलं. म्हैस शेपटी हलवत, पाच-पन्नास सुशिक्षित माणसांना वळसा घालून सावकाश काठाकडे चालत गेली. खात्याचा मोठा साहेब जिथं बुडण्याच्या भीतीनं बसला आहे, तिथं पाणी गुडघाभर आहे हे आधी म्हणायचं कुणी?

"ऊन फार आहे आज," नानासाहेब आकाशाकडे पाहत म्हणाले.

"फार, साहेब."

"म्हशीचं काही सांगता येत नाही. उंच असेल."

"बरीच उंच होती, साहेब."

"अहो, पण पाणी पोटरीएवढंच आहे की!" मागून आनंदीबाईंचा आवाज खणखणला. "मघापासून आम्ही काय इथं भाजून घेतो आहोत? चल गं भानू." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी लुगड्याचा ओचा वर खोचला, जयसिंगरावांच्या खांद्यावर हात टेकला आणि होडीबाहेर पाय टाकला. जयसिंगराव एका बाजूला कलले, होडी दुसऱ्या बाजूला. मागोमाग भानुमतीबाईही उतरल्या. एकमेकींचे हात धरून, हसत, पचक पचक करत दोघी टरबुजांच्या वाडीत गेल्या आणि वाडीवाल्याच्या बायकोनं फोडून दिलेलं लालभडक टरबूज खात खोपटाच्या सावलीत बसल्या.

भानू! लक्ष्मीकांतरावांच्या कानात तो शब्द घुमला. लग्नापासून त्यांनी स्वतः बायकोला तशी हाक मारलेली नव्हती. पण तेव्हा त्यांना दुसरीच काळजी होती. इकडे पुरुषमाणसं अजून होडीतच होती. साहेब उतरल्याशिवाय कुणाला उतरता येईना, आणि उतरलं म्हणजे इतका वेळ का उतरलो नाही ते सांगावं लागणार म्हणून साहेबांना उतरता येईना.

"पानसे," शेवटी नानासाहेब कुजबुजले, "काहीतरी सुचवा. काहीतरी सरकारी."

आयुष्यभराच्या नोकरीचं सार लक्ष्मीकांतरावांच्या जिभेवर आलं. "पाहणी, साहेब. गाळाची पाहणी."

नानासाहेबांचा चेहरा उजळला. ते उभे राहिले, त्यांनी खाकरून घसा साफ केला. "मंडळी! तलावात गाळ फार साठला आहे असं माझ्या कानावर आलं होतं. आपण सगळे इथवर आलोच आहोत, तेव्हा मी स्वतः पाहणी करणार आहे." आणि धोतर सावरत, बूट हातात घेऊन ते पाण्यात उतरले. मागोमाग अख्खा उन्हाळी वर्ग उतरला. जयसिंगरावांनी चिखलातही रांग लावली.

पाळेवरून हे दृश्य वेगळंच दिसलं. दुपारच्या उन्हात पाणी चांदीसारखं चकाकत होतं, होड्या मागं उभ्या होत्या आणि त्यांच्यापुढून माणसांची एक रांग, हातात बूट घेऊन, पाण्यावरून चालत निघाली होती. अप्पासाहेबांनी भोंगा तोंडाला लावला, पण पहिल्यांदाच त्यांना शब्द सुचेना. शेवटी कापऱ्या आवाजात ते म्हणाले, "सज्जनहो… नानासाहेब पाण्यावरून चालत आहेत."

मांडवातल्या दोन-चार म्हाताऱ्यांनी हात जोडले. एकीनं उरलेल्या कचोरीचा नैवेद्य दाखवला.

सोमवारी कचेरीत कुणीही तलावाचा विषय काढला नाही. कुणी काढला नाही, म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे, हे लक्ष्मीकांतरावांनी ओळखलं. दुपारी नानासाहेबांचं बोलावणं आलं. आता खातं ग्वाल्हेरला जाणार, आणि आपण त्याहूनही लांब कुठंतरी, अशी खूणगाठ बांधून ते आत गेले.

नानासाहेब खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. "पानसे, ग्वाल्हेरला कळलं. आपल्याच खात्यातलं कुणीतरी कालच्या गाडीनं गेलं आणि त्यानं सांगितलं, आताच तिकडून तार आली. तिथं आमच्या घराण्याला मान आहे हो. आता कुठल्या तोंडानं जाऊ मी? म्हशीपाशी बसलो होतो मी, म्हशीपाशी!" ते वळले. "मी ठरवून टाकलंय. खातं इथंच राहील. कायमचं."

लक्ष्मीकांतरावांना त्यांचे पाय धरावेसे वाटले. घरी जाताना त्यांनी सराफ्यातल्या मिठाईच्या दुकानातून मावाबाटी बांधून घेतली आणि ते टांग्यानं घरी आले. दारातूनच ते ओरडले, "अगं, जिंकलो! खातं इथंच राहिलं!"

भानुमतीबाई माजघरात बसून गरम कपडे ऊन दाखवायला काढत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी म्हणजे? तूच."

"ते तेव्हा. आता माझं आणि आनंदीताईंचं सगळं ठरलंय. त्यांच्या शेजारचं घर रिकामं आहे. सकाळी दोघींनी देवळात जायचं, दुपारी मी त्यांच्याकडून जरीकाम शिकायचं. ग्वाल्हेरचं पाणी काही जड नाही, त्या म्हणाल्या, उकळून घेतलं की झालं. आणि तिथली माणसं 'हम' म्हणतात ती घमेंडीनं नाही, रीतच आहे तशी. उगीच आपलं खाली-पीली कुणाच्या गावाला नावं ठेवू नयेत." त्यांनी मावाबाटीच्या पुड्याकडे पाहिलं. "तो पुडा द्या इकडे. मी आत्ता आनंदीताईंकडे जाते. त्यांनापण हा निरोप कळला असेल तर बिचाऱ्या जेवल्या नसतील."

दोघी काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी नानासाहेब कचेरीत आले ते उपाशी दिसत होते. तिसऱ्या दिवशीही. आठवडा सरला नाही तोच त्यांनी लक्ष्मीकांतरावांना बोलावलं आणि फाइलीत डोकं खुपसून सांगितलं की राज्याच्या व्यापक हिताचा विचार करता खातं कायमचं ग्वाल्हेरला राहावं असं त्यांचं मत झालेलं आहे.

दिवाळीनंतर गाडी निघाली. बायका खिडकीपाशी समोरासमोर बसल्या आणि इंदूर स्टेशन मागं पडायच्या आत त्यांच्या गप्पा रंगल्या. नानासाहेबांनी मफलर डोळ्यांपर्यंत गुंडाळलं होतं. "पानसे, उतरल्यावर तुम्ही पुढं व्हा," ते वाटेत पुन्हा पुन्हा सांगत राहिले. "मी हमालांच्या मागून मागच्या दारानं निघतो. कुणी विचारलं तर मी आलो नाही."

गाडी ग्वाल्हेरच्या फलाटाला लागली आणि नानासाहेब दचकून मागं सरले. फलाट माणसांनी भरला होता. पागोटी, फेटे, काळ्या टोप्या, हार. कुणीतरी त्यांना मफलरसकट ओळखलं आणि एकच जयजयकार उठला.

"नानासाहेब की जय!"

नानासाहेबांना खाली ओढून घेण्यात आलं. एका पिकल्या मिशांच्या सरदारांनी त्यांना कडकडून मिठी मारली. "वा, बहाद्दर! होळकरांशी लढताना आमच्या पणजोबांच्या हातून जे राहिलं ते तुम्ही करून दाखवलंत! एकटे गेलात, आणि इंदूरचं अख्खं आरमार चिखलात घातलंत! एक होडी सुटू दिली नाहीत म्हणे!"

नानासाहेबांनी हळूहळू मफलर सोडलं, पाठ ताठ केली आणि मिशीवरून बोट फिरवलं.

"तसं विशेष काही नव्हतं," ते म्हणाले. "वारा आमच्या बाजूनं होता."

हारांवर हार पडू लागले. लक्ष्मीकांतराव वळकटी काखेत धरून बाजूला उभे होते. सरदारांची नजर त्यांच्याकडे गेली.

"हे कोण?"

"हे पानसे," नानासाहेब म्हणाले. "इंदूरचे. त्या आरमाराचे सेक्रेटरी."

लोक टाचा उंचावून पाहू लागले. मागं भानुमतीबाई आणि आनंदीबाई एकमेकींचं सामान मोजत होत्या; त्यांना यातलं काही ऐकू आलं नाही.

"यांनाही बरोबर आणलंत?" सरदारांनी अचंब्यानं विचारलं. मग मोठ्या मनानं ते पुढं झाले, त्यांनी लक्ष्मीकांतरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू, समजुतीच्या सुरात म्हणाले, "घाबरू नका. लढाई संपली. इथं तुम्हाला कुणी त्रास देणार नाही, आणि जेवणखाण दोन्ही वेळा व्यवस्थित मिळेल."

"आभारी आहे," लक्ष्मीकांतराव म्हणाले, आणि त्यांनी तलवार ठेवावी तशी वळकटी सरदारांच्या पायाशी ठेवली.